माळ्यावरचे आवाज खाली उतरवा

पुण्याहून सातारच्या रस्त्याला लागलं आणि कात्रजचा घाट उतरला, की खेड शिवापूर, शिवरे, वर्वे, नसरापूर, कापूरहोळ अशी गावं लागत जातात. हा रस्ता आधी दुपदरी होता, मग चौपदरी झाला, मग सहापदरी. दर रुंदीकरणात रस्त्याकडेची काही जुनी घरं गेली. जी राहिली त्यांतली बरीचशी आता प्लॉटिंगसाठी, हॉटेलासाठी, गोदामासाठी, नाहीतर घरच्याच पोरांच्या नव्या स्लॅबसाठी पाडली जातायत. पाडा की. गळक्या कौलांखाली कुणी जन्मभर राहावं असं मी म्हणणार नाही. मला बोलायचं आहे ते घर पाडायच्या आदल्या दिवसाबद्दल. त्या दिवशी माळा रिकामा होतो. तांब्या-पितळेची भांडी भावाभावांत मोजून वाटली जातात, सागवानी तुळयांना गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं, आणि बाकी सगळं अडगळ म्हणून भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतं.

त्या टेम्पोत काय चढतं? चावीचा फोनो. लाखेच्या तबकड्यांची पेटी. सत्तरच्या दशकातल्या छोट्या ईपी आणि मोठ्या एलपी. भजनाच्या, भारुडाच्या, भीमगीतांच्या कॅसेटी, काही विकतच्या, काही घरीच भरलेल्या. व्हीएचएस कॅसेटी: थोरल्याचं लग्न, गावची जत्रा, कुस्त्यांचा फड, केबलवाल्यानं गावात दाखवलेली भजन स्पर्धा. आणि शटरचं दार असलेला काळा-पांढरा टीव्ही. गेल्या शंभर वर्षांत या खोऱ्यानं जे ऐकलं आणि पाहिलं ते सगळं या सामानात आहे. ते किलोच्या भावानं जातंय आणि आपण वर भंगारवाल्याला चहा पाजतोय.

भोरकरांनो, वेल्हेकरांनो, तुमच्या तालुक्यात जुनं दप्तर जपलं म्हणून काय झालं ते आठवा. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद महाराष्ट्रात कैक वर्षं चालला. त्या वादात सगळ्यात भक्कम ठरलेला कागद ना दिल्लीच्या दफ्तरखान्यात सापडला ना लंडनच्या. तो होता भोर तालुक्यातल्या कारी गावी, जेधे देशमुखांच्या घरात. जेधे शकावली. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये छापली गेली. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी तीत नोंदलेली आहे, आणि त्याच आधारावर आज १९ फेब्रुवारीला शासकीय शिवजयंती साजरी होते. आता कल्पना करा, त्या घरातल्या कुणी एकानं, मधल्या कुठल्याही पिढीत, 'मोडी कोण वाचतंय आता' म्हणून ते बाड चुलीत घातलं असतं तर? घरच्यांना त्याचा अर्थ कळत होता की नव्हता, हा प्रश्नच वेगळा. त्यांनी ते टाकलं नाही, एवढं पुरलं.

इतिहासाचार्य राजवाडे १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड काढत गेले ते अशाच घराघरांतल्या बाडांवर. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते त्यासाठीच. कागदाची किंमत आपल्याला शंभर वर्षांपूर्वी कळली. आवाजाची अजून कळलेली नाही.

आता तबकडीकडं वळू. हिंदुस्थानात पहिलं व्यापारी ध्वनिमुद्रण झालं १९०२ मध्ये, कलकत्त्याला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग यंत्र घेऊन आला आणि गोहरजान कर्ण्यासमोर बसून गायली. मुद्रण इथं, पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला कुणाचं गाणं कुठलं हे कळावं म्हणून गाणं संपताच गाणाऱ्यानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं अशी रीत पडली. गोहरजानचं ते ठसक्यातलं नाव सांगणं अजून ऐकायला मिळतं. ही रीत ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

या जुन्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेत. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं. रात्र रात्र रंगणारी बैठक त्या तीन मिनिटांत बसवायची आणि नाट्यपद वन्समोअरशिवाय संपवायचं, हे त्या काळच्या गवयांना शिकावं लागलं. काहींना ते जमलं, काहींना मान्यच नव्हतं. बालगंधर्व तबकडीवर राहिले. अब्दुल करीम खाँ राहिले, हिराबाई राहिल्या. पण ज्या भास्करबुवा बखल्यांकडं बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव शिकले, ते १९२२ मध्ये गेले आणि त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकता येत नाही. गुरू कसा गात होता ते शिष्याच्या गळ्यावरून ओळखायचं. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर वेल्ह्याच्या डोंगरातल्या गोंधळ्याची आणि वासुदेवाची काय कथा!

आणि ती तबकडी बनायची कशाची? लाखेची. आपल्याच देशातल्या पळस-बोरीवरच्या किड्यानं केलेली लाख जगभर जायची. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून लंडन-न्यूयॉर्कचं गाणंसुद्धा छापलं जायचं. १९४८ मध्ये अमेरिकेत विनाईलची एलपी निघाली आणि लाखेची सद्दी संपत गेली. आपल्याकडं मात्र लाखेच्या तबकड्या साठच्या दशकातही छापल्या जात होत्या, कारण खेड्यात वीज नव्हती आणि चावीच्या फोनोला वीज लागत नव्हती. म्हणूनच लाखेची तबकडी शहरापेक्षा खेड्यातल्या माळ्यावर जास्त टिकून असण्याचा संभव आहे.

ती इथं आली कशी? या डोंगरी मुलखातला गडी पोटासाठी मुंबईला गेला. गिरणीत, गोदीत, बाजारात राबला. सुगीला, जत्रेला गावी येताना काहीबाही घेऊन आला. दादा कोंडक्यांचं घराणं याच वाटेनं गेलेलं. मूळ गाव भोर संस्थानातलं इंगवली, जन्म आणि वाढ मुंबईत नायगावच्या चाळीत. १९७१ मध्ये 'सोंगाड्या' आला आणि त्यातली राम कदमांनी चाल दिलेली गाणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक मांडवात वाजली. शेजारच्या वाई तालुक्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे आता राज्यगीत आहे, शाळेत ते रोज वाजतं, पण आधीच्या पिढ्यांच्या कानांत ते शिरलं साबळ्यांच्या आवाजात, रेडिओवरून आणि रेकॉर्डवरून. ज्यांना आपण महाराष्ट्राचे कलावंत म्हणतो, त्यांतले कितीतरी या डोंगराच्या अल्याड-पल्याडचेच आहेत.

पण सगळ्यात मोठा संग्रह घरात नव्हता. तो होता लाऊडस्पीकरवाल्याकडं. लग्न असो, जत्रा असो, सत्यनारायण असो, त्याची ट्रंक आली की पोरं गोळा व्हायची. भोंगा झाडाला किंवा देवळाच्या शिखराजवळ बांधायचा, बॅटरीवर ॲम्प्लिफायर चालवायचा, आणि सुलोचना चव्हाणांच्या लावणीपासून प्रल्हाद शिंद्यांच्या भक्तिगीतापर्यंत सगळं त्या एका ट्रंकेतून निघायचं. सकाळी काय लावायचं, हळदीला काय, वरात दाराशी आल्यावर काय, हे त्याचं शास्त्र होतं. कुठल्या गावात कुठली रेकॉर्ड लावली की भांडण होतं, हेही त्याला ठाऊक होतं. डीजे आला, ट्रंक बाजूला पडली. तुमच्या गावातला तो माणूस आज सत्तर-पंचाहत्तरचा असेल. त्याच्या घरी कुणी गेलंय का? आजवर त्याच्याकडं लोक फक्त बिलावरून हुज्जत घालायला गेले.

आता मान वर करून सिंहगडाकडं बघा. शिवापूरच्या शिवारातून जाताना गडावरचा टीव्हीचा मनोरा दिसतो. ट्रेकला येणारी शहरातली मंडळी त्याला नाक मुरडतात, किल्ल्याचा फोटो बिघडतो म्हणून. मला तो मनोरा आवडतो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रानं ते चित्र घाटावर आणलं. पुण्याच्या सगळ्या गच्च्यांवरच्या ॲन्टेना त्यामुळं एकाच दिशेला वळलेल्या असत. गडाच्या पायथ्याला राहणाऱ्या शिवरे, शिवापूर, कोंढणपूरकडच्या माणसांना तर टीव्ही अक्षरशः डोक्यावरून येत होता. वेल्ह्याच्या खोऱ्यात, डोंगराच्या सावलीतल्या वाड्यांमध्ये मात्र पडद्यावर मुंग्याच मुंग्या. उंच बांबू शोधायचा, एकानं छपरावर चढून ॲन्टेना फिरवायची, दुसऱ्यानं खालून 'आलं, आलं, गेलं' ओरडायचं.

त्या मनोऱ्यानं काय आणलं? 'आमची माती आमची माणसं' आणलं. संकरित बियाणं, पाभर, जनावराचं लसीकरण, खताचा हप्ता यांबद्दल मराठीत बोलणारा माणूस शेतकऱ्यानं पडद्यावर पहिल्यांदा पाहिला. विनायक चासकरांचा 'गजरा' आणला. चिं. वि. जोशींचे चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपात आणले आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ आणला. विश्वास मेहेंदळे, प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांच्या तोंडून मराठी बातम्या आणि निवेदन आणलं. बातमी सांगताना मराठी कशी उच्चारायची याचा वस्तुपाठ खेड्यातल्या पोरांना तिथं फुकट मिळाला. आज वाहिन्यांवरचं मराठी ऐकून ज्यांना ठसका लागतो, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

आणि आकाशानंदांचा 'ज्ञानदीप'. त्याचं विशेष हे, की तो पडद्यावर संपत नसे. कार्यक्रम पाहणाऱ्यांनी गावोगावी ज्ञानदीप मंडळं काढली आणि ती मंडळं गावातली कामं करू लागली. टीव्ही बघून माणसं सोफ्यात रुतत नव्हती, उठून बाहेर पडत होती, असा एक काळ महाराष्ट्रात होऊन गेला. तुमच्या गावात असं मंडळ होतं का? असेल तर त्याच्या बैठकीची वही कुठं आहे?

इथं एक दुखरी गोष्ट सांगितली पाहिजे. त्या पहिल्या दहा वर्षांतलं फार थोडं आज बघायला मिळतं. बरंचसं थेट प्रक्षेपण असायचं, आणि जे टेपवर घेतलं जाई ती टेप महाग. पुसून तिच्यावर पुढचा कार्यक्रम घ्यायचा, ही पद्धत तेव्हा जगभर होती. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनंही 'डॉक्टर हू' या आपल्या गाजलेल्या मालिकेचे कितीतरी भाग पुसून टाकले. पुढं त्यांचा शोध सुरू झाला तेव्हा काय झालं पाहा: २०१३ मध्ये त्यातले नऊ भाग हाती लागले ते नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्राच्या सामानाच्या खोलीत. जे राजधानीनं पुसलं ते दूरच्या गावानं, निव्वळ आवराआवर न केल्यामुळं, वाचवलं. आपल्याकडच्या मूकपटांची दशा तर ठाऊकच आहे. हजाराहून जास्त निघाले आणि बोटांवर मोजण्याइतके उरले. तेही उरले ते १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं आणि पी. के. नायर नावाचा माणूस फाळक्यांच्या घरापासून भंगारवाल्यांपर्यंत रिळं हुडकत फिरला म्हणून.

दूरदर्शनचा स्वतःचा संग्रह आहे, त्यातलं काही बाहेरही येतं. पण नव्वदच्या दशकात तालुक्या-तालुक्यात केबलवाल्यांनी जी स्थानिक वाहिनी चालवली तिचं काय? संध्याकाळी अर्धा तास गावच्या बातम्या, नवरात्रातली भोंडल्याची गाणी, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची सभा, बारावीत पहिल्या आलेल्या मुलीची मुलाखत. या देशातलं सगळ्यात लहान, सगळ्यात जवळचं टीव्ही प्रक्षेपण ते. त्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही, आणि लिहायचा झाला तर साधनं म्हणजे त्या केबलवाल्याच्या घरातल्या बुरशी धरलेल्या व्हीएचएस कॅसेटी. वेल्ह्याचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना त्या बुरशीची घाई सांगायला नको.

कायदाही आपल्या बाजूनं नाही. देशात पुस्तक छापलं की त्याच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात. तसा १९५४ चा कायदाच आहे, वर्तमानपत्रंही नंतर त्यात आली. त्या कायद्याच्या नावातच पुस्तकं आणि वर्तमानपत्रं आहेत. तबकडी त्यात नाही, कॅसेट नाही, टीव्हीचा कार्यक्रम नाही. म्हणजे एखाद्या फुटकळ कवितासंग्रहाला सरकारी कपाटात कायमची जागा, आणि ज्या पोवाड्यानं जिल्हा जागा केला त्याची तबकडी रस्त्यावर. हे बदलायला हवं, आणि त्यासाठी आमदार-खासदारांच्या मागं लागायला हवं. पण तोवर वाट बघत बसलात तर बदललेला कायदा लागू करायला वस्तूच उरणार नाहीत.

लोक म्हणतात, सगळं यूट्यूबवर आहे. नाही. जे गाजलं ते आहे. लताबाई आहेत, बालगंधर्व आहेत. तुमच्या गावच्या भजनी मंडळानं भरलेली कॅसेट तिथं नाही आणि कुणी परका ती टाकणारही नाही. जे आहे तेही कुणाच्या तरी मर्जीवर आहे, आज आहे, उद्या काढलं जाईल. दुसरे म्हणतात, आमच्याकडं कसलं आलंय मोलाचं! जेध्यांच्या घरातही कुणीतरी हेच म्हणालं असेल. तिसरे असतात ते मला सगळ्यात धोक्याचे वाटतात: 'किती मिळतील याचे?' हल्ली शहरात विनाईलची हौस परत आलीय. अमेरिकेत तर २०२२ मध्ये विनाईल सीडीपेक्षा जास्त खपलं, १९८७ नंतर पहिल्यांदाच. त्यामुळं पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी रेकॉर्ड उलटीसुलटी करणारे हौशी दिसतात. काही तर रेकॉर्ड घेऊन तिचं भिंतीवरचं घड्याळ करतात. (अशा घड्याळात किती वाजले ते मी बघत नाही.) बाजारातल्या बहुतेक तबकड्यांना फार भाव येत नाही, हे विकायला गेलेल्याला लवकरच कळतं. ज्याचं मोल खरोखर मोठं आहे त्या घरगुती कॅसेटीला तर तिथं शून्य भाव.

संग्राहकांबद्दलही थोडं बोललं पाहिजे. हौशी संग्राहक नसते तर आज आपल्याकडं जे आहे तेही नसतं. १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली. सुरेश चांदवणकरांसारख्या, मूळ पेशानं शास्त्रज्ञ असलेल्या माणसानं तिचं काम वर्षानुवर्षं वाहिलं, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक चालवलं, तबकड्यांच्या याद्या केल्या, त्या लोकांना ऐकवल्या. संग्रह कसा असावा, तर असा. त्याउलट कपाटाला कुलूप लावून 'माझ्याकडं आहे, तुझ्याकडं नाही' यात सुख मानणारेही बरेच. अशा संग्राहकाचा दहावा-तेरावा झाला की पोरं तोच टेम्पो बोलावतात. तबकडी एकट्याच्या कपाटात शिरली की ती माळ्यावरून फक्त खाली आली, वाचली नाही.

आणि गावाकडं बघून काम केल्याचा दाखला आपल्या शेजारच्या मुळशीतच आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांच्यासारख्यांच्या मदतीनं त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रितही केल्या. आता 'पारी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. रेकॉर्ड कंपनीनं ज्या बाईला कधी दारात उभं केलं नसतं, तिचा आवाज तिच्या नावागावासकट जपला गेला. ओवी सांगणारी म्हातारी आपलं गाणं काही मोलाचं आहे असं मानत नव्हती. विचारायला कुणीतरी आलं, म्हणून ती गायली.

तेव्हा उठा आणि विचारा. शिवऱ्याच्या तरुण मंडळांनो, गणपतीत दहा दिवस तुम्ही जेवढी धावपळ करता त्याच्या निम्मी पुरे. आधी वस्तू. घरोघर जाऊन सांगा, माळा रिकामा करायच्या आधी आम्हाला हाक मारा. मिळालेल्या तबकड्या आडव्या एकावर एक रचू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, उन्हात ठेवू नका. लाखेची तबकडी स्पिरिटनं पुसाल तर लाखच विरघळेल. स्वच्छ पाणी आणि मऊ कापड पुरतं, मधलं लेबल भिजू न देता. विनाईलची एलपी हौसेनं चावीच्या फोनोवर लावून बघू नका, त्या जड मुंडीची पोलादी पिन एका फेरीत खाच उकरते. लेबलाचा फोटो काढा, लेबलाभोवती कोरलेला बारीक नंबर उतरवून घ्या, कारण त्यावरून मुद्रण शोधता येतं. कॅसेटीच्या वरच्या कडेला दोन प्लॅस्टिकच्या चिमुकल्या खिट्ट्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून कुणाला तिच्यावर नवं काही भरता येणार नाही. बुरशी लागलेली व्हीएचएस उत्साहानं प्लेअरमध्ये घालू नका. टेपही जाईल आणि यंत्रही.

फाईल करून घेताना एमपी-३ वर भागवू नका, मोठी मूळ फाईल ठेवा आणि तिच्या प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीची सुई एलपीच्या सुईपेक्षा जाड लागते, हे माहीत नसलेल्या दुकानदाराकडं देऊ नका. हक्काचंही भान ठेवा. आपल्या कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो. १९६० ची तबकडी २०२१ उजाडताच त्यातून मोकळी झाली. पण गीताचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे. जतन करायला घाबरू नका, इंटरनेटवर टाकण्याआधी मात्र जाणकाराला विचारा.

मग माणसं. यांना वस्तूंपेक्षा घाई आहे. लाऊडस्पीकरवाला, केबलवाला, टीव्ही दुरुस्त करणारा, ज्याच्या घरी गावातला पहिला टीव्ही आला तो आणि ज्यांनी तो दारातून पाहिला ते. सगळ्यांचं बोलणं मोबाईलवर टिपून घ्या. पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका, आणि गोहरजाननं केलं तेच करा: नाव, गाव, तारीख आवाजातच नोंदवा. प्रश्न मात्र गुळमुळीत विचारू नका. पहिला टीव्ही कुणाच्या घरी आला, आणि तो बघायला कुणाला आत घेतलं? बायका कुठं बसायच्या? महारवाड्यातली, मांगवाड्यातली, धनगरवाड्यावरची पोरं ओसरीवर बसत होती की खिडकीतून बघत होती? भीमगीतांची कॅसेट जत्रेच्या भोंग्यावर लागायची का, आणि नसेल तर का नाही? जुन्या दिवसांचं गोड गोड गाणं गायला हे दप्तर नको आहे. ज्याला त्या काळी पडद्यासमोर जागा मिळाली नाही, त्याची साक्ष त्यात नसेल तर ते दप्तर अर्धंच राहील.

ठेवायचं कुठं, हा प्रश्न येणारच. प्रत्येक तालुक्यात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या कोरड्या खोलीत दोन पोलादी कपाटं मावतात. ते नाहीच जमलं तर शाळा आहे. रस्त्याकडेला कारखाने आणि बडी हॉटेलं उभी राहिलीत, त्यांच्याकडं जत्रेची वर्गणी मागायला तुम्ही संकोचत नाही, मग कपाटाची मागायला कसला संकोच?

तारीखही सांगतो. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. १९५३ मध्ये याच तारखेला पुणे आकाशवाणी सुरू झाली आणि १९७२ मध्ये याच तारखेला मुंबई दूरदर्शन. विषयपत्रिकेत हा विषय घालायला आधीच अर्ज द्या, ऐनवेळचा विषय म्हणून नेलात तर रस्ता, पाणी आणि घरकुलाच्या गोंधळात तो बुडेल. ठराव साधा ठेवा: 'गावातील जुन्या ध्वनिमुद्रिका, कॅसेटी, चित्रफिती आणि त्यांविषयीच्या ज्येष्ठांच्या आठवणी गोळा करून वाचनालयात सर्वांना खुलं दप्तर ठेवावं, देणाऱ्याचं नाव नोंदवावं, मूळ वस्तू परत मागितल्यास प्रत ठेवून परत करावी, कामासाठी सात जणांची समिती नेमावी, त्यांत निदान तीन महिला असाव्यात.' सूचक म्हणून गावच्या लाऊडस्पीकरवाल्याची सही घ्या, अनुमोदक म्हणून भजनी मंडळातल्या एखाद्या बाईची. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि नक्कल हातात पडल्याशिवाय घरी जाऊ नका.